दुसरी बाटली

भाऊ, तुझी दुसरी बाटली काल फुईच्या घरी उघडली.

तुला आधी हेच सांगायचं होतं. तुझ्या दिवसकार्यानंतरच्या गंधमुक्तीला कोण आलं, कोण आलं नाही, कोणत्या मामाने कशावरून तोंड वाकडं केलं, यातलं तुला काही नको असणार. जिवंत होतास तेव्हाही असल्या गोष्टी तू निम्म्यावर सोडून उठायचास. बाटलीचं मात्र तू विचारलं असतंस. आणि पहिला प्रश्न असता, बूच कसं निघालं?

बूच तुटलं. त्याचं पुढे सांगते.

मी ती कशासाठी उघडली ते आधी ऐक. तू गेल्यापासून सुरतच्या उधन्यातल्या आपल्या गल्लीत एकच वाक्य फिरतंय. जहाजावर दारूच्या खात्यात होता, पिऊन पिऊन लिव्हर गेलं. ओट्यावरच्या बायका ते गुजराती मिसळून बोलतात, पोरं हिंदीत बोलतात, पण वाक्य तेच. समोरच्या मावशी मला धीर द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं, नादच वाईट असतो." मी म्हटलं, "मावशी, तो थुंकायचा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुःखाने माझं डोकं फिरलंय. एखादा माणूस दारू तोंडात घेतो, फिरवतो, थुंकतो आणि त्याचा पगार घेतो, हे दारूबंदीच्या राज्यात कोणाला कसं पटवायचं?

मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि तू त्यावरून मला किती चिडवायचास ते मला माहीत आहे. पण लूमवर काम करणाऱ्याच्या घरातली पहिली डिग्री आहे ती, मी सांगणारच. पलसाण्याच्या डाइंगमध्ये दिवसभर मी कापडाचे रंग पास-नापास करते. मला तोंडी बोलणं चालत नाही, नमुना लागतो. तुझ्या बाबतीत एकच नमुना शिल्लक होता, आणि तो आपल्या माळ्यावर होता. पहिली बाटली उघडलीस तेव्हा तू म्हणाला होतास, ही अजून कच्ची आहे, दुसरी राहू द्या. दुसरी जर पिकलेली निघाली असती तर तू म्हणालास ते खरं ठरलं असतं. बाबांसमोर, फुईसमोर तुझी विद्या खरी ठरली असती. गल्लीचं मी नंतर बघून घेतलं असतं.

त्या दोन बाटल्या तू पहिल्यांदा सुट्टीवर आलास तेव्हा मोज्यांत गुंडाळून आणल्या होत्यास. बारोलो. इटलीच्या डोंगरातली लाल वाइन, नेबिओलो नावाच्या द्राक्षाची. तुझ्या वरच्या साहेबाने एका लहान बागायतदाराकडून मिळवून दिलेली. लेबलवरचं साल माझ्या बारावीचं होतं, म्हणून मी ती हातात घेऊन किती वेळ बसले होते. "ही आताही जुनी आहे," तू म्हणालास, "पण आणखी थांबली तर आणखी चांगली होईल." एक तू कायमचा घरी येशील तेव्हा उघडायची, दुसरी तुझ्या लग्नात.

बाबा माळकरी. आपल्या घरात अंडं शिजलेलं नाही. मला वाटलं होतं ते बाटल्या बाहेर फेकतील. त्यांनी चष्मा लावून लेबल पाहिलं, आतली लाल सावली उजेडाकडे धरून पाहिली आणि तुला एकच विचारलं, "तू गिळस का?" तू म्हणालास, नाही बाबा, थुंकतो, दिवसभर चव घ्यायची तर थुंकावंच लागतं. तेवढं त्यांना पुरलं. त्यानंतर फोडणीला तेल आणायला गेलेल्या दुकानातसुद्धा ते सांगायचे, पोऱ्या जहाजावर वाइन थुंकस आणि गोरे लोक त्याले पगार देतस.

तू परत जहाजावर गेलास आणि तिथून फोनवर सांगितलंस, बाटल्या थंड जागी ठेवा आणि आडव्या ठेवा. बाबांना लूमच्या आवाजाने तेव्हापासूनच कमी ऐकू यायचं, म्हणून मी तुझं बोलणं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. थंड त्यांना पटलं. आडवी पटलं नाही. "आडवी बाटली दारुड्यांना घरमां ऱ्हास," ते म्हणाले. लेकाने आणलेली वस्तू देवासारखी उभीच राहणार. आणि थंड म्हणजे काय, तर ज्वारीत हात घातला की आत गार लागतं, म्हणून ज्वारीची पत्र्याची कोठी. ती कोठी माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली. पोलीस, पाहुणे, शेजारी, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. वरून माय जाण्याआधी शिवून गेलेली गोधडी, हवा लागू नये म्हणून. दर वर्षी ज्वारी बदलताना ते बाटल्या काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, परत उभ्या करायचे. कडुनिंबाचा पाला घालायचे. किड्यांपासून वाइनचं रक्षण करणारा हा जगातला एकच माणूस असेल.

मे महिन्यात त्या माळ्यावर तू कधी गेला होतास का, भाऊ? मी गेले होते. पत्र्याला डोकं लागलं तर केस जळाल्यासारखा वास येतो. मी केमिस्ट्री शिकले होते. उष्णतेने काय होतं ते मला कळायला पाहिजे होतं. पण तेव्हा मला वाइन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे काय बिघडणार, एवढंच माहीत होतं.

जहाजांची कामं बंद पडली आणि तू कायमचा घरी आलास. पहिली बाटली उघडायची वेळ झाली. उधन्यात उघडणं शक्य नव्हतं, म्हणून आपण तापी लाइनच्या पॅसेंजरने नवापूरला गेलो, फुईकडे. फुई म्हणजे बाबांची बहीण. तिचं घर महाराष्ट्रात, आणि स्टेशन असं की गाडीचे काही डबे गुजरातमध्ये उभे राहतात, काही महाराष्ट्रात. बाबांनी बाटली मांडीवर धरली होती, उभी. हद्द ओलांडली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फुईने दारातच बाबांना विचारलं, "आणली का रे वहिनीची सवत?" आणि तू हसून हसून वाकलास.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं, पण मी ते चुकीचं वाचलं होतं. म्हणून परत सांगते.

तू जहाजावरचे दोन मोठे ग्लास काढलेस. बाबांच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं मागून घेतलंस आणि पाटावर अंथरलंस, रंग पाहायला. बाटलीच्या तोंडावरचा कागद सोलून काढलास. बूच काचेच्या थोडं वर आलेलं होतं. बाजूने एक चिकट, काळपट ओघळ सुकलेला होता. तू त्यावरून अंगठा फिरवलास आणि रुमालाला पुसलास. त्या वेळी तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, पण मला वाटलं तुला जबाबदारीचं दडपण आलं असेल. ग्लास उपरण्यावर तिरका धरलास. मग वास. मग परत वास. बाबा समोर मांडी घालून बसले होते, गुडघ्यांवर हात, डॉक्टरसमोर बसतात तसे.

तू घोट घेतलास. आणि गिळलास.

थुंकायला फुईने स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मग ग्लास माझ्याकडे दिलास. मी एक घोट घेतला आणि मला जे वाटलं ते बोलून टाकलं, मी तशीच आहे. म्हटलं, काकवी करपल्यासारखी लागते, आणि मागून नुसती कोरड. तू मान हलवलीस. मग बाबांकडे वाकलास आणि त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालास, "अजून कच्ची शे, बाबा. तिले येळ लागी. दुसरी ऱ्हाऊ द्या."

बाबांचा चेहरा उजळला. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. वस्तू कच्ची निघाली तर माणूस नाराज होतो. पण त्यांना काम मिळालं होतं. आणखी सांभाळायचं होतं. घरी गेल्याबरोबर त्यांनी दुसरीची ज्वारी बदलली.

त्यानंतरची वर्षं तू सुरतमध्ये एका हॉटेलात काम केलंस. लग्नांच्या मोसमात वाइनच्या ग्लासांत जलजिरा ओतायचास. त्यावर तू कधी रडला नाहीस, उलट आम्हाला नक्कल करून दाखवायचास, हातावर रुमाल टाकून, "साहेब, हा यंदाचा जलजिरा आहे, जिरं थोडं पुढे आहे." मुलगी बघायला गेलो की चहा येईपर्यंत सगळं ठीक असायचं. मग कोणीतरी विचारायचं, जहाजावर नक्की काय काम होतं? बाबा अभिमानाने सांगायचे. चहा मग थंडच व्हायचा.

त्या काळात तू मला शिकवलंस. वाइन नव्हतीच, म्हणून जे होतं त्यावर. बिनदुधाचा कडक चहा गार करून तोंडात धरायला लावलास. तुरट कुठे लागतं? मी म्हटलं, जिभेला. तू म्हणालास, नीट बघ, हिरड्यांना, गालाच्या आतल्या बाजूला. अर्धं कच्चं जांभूळ आणि पूर्ण पिकलेलं जांभूळ एकामागून एक खायला लावलीस. डाळिंबाची साल चावायला लावलीस, त्यावर मी तुला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. मला पलसाण्याला सोडायला यायचास तेव्हा हायवेवर डांबर टाकायचं काम चालू होतं, तिथे स्कूटर थांबवलीस आणि म्हणालास, "घे वास." आणि देवळाबाहेरून सुकलेल्या गुलाबांची पुडी आणलीस. म्हणालास, बारोलोच्या एका ग्लासात हे दोन्ही वास असतात. मी म्हटलं, रस्त्याचं डांबर प्यायला लोक जहाजात बसतात का? तू म्हणालास, "बसतात. आणि त्यांना मी सांगतो की डांबर आहे, तेव्हा टाळ्या वाजवतात."

मग खुणा. नेबिओलोचा रंग फसवा असतो, ग्लासात कडेचा काठ लवकर विटकरी होतो, म्हणून नुसत्या रंगावर जायचं नाही. तुरटपणा असायलाच पाहिजे, पण तो टोचायला नको. आत फळ अजून जागं पाहिजे. घोट गेल्यावर तोंडात चव किती वेळ बसते ते बघायचं. कच्ची असली तर फळ आणि तुरटपणा भांडतात. पिकली की दोघं एका घरात राहतात. आणि फळ निघून गेलं, मागे नुसता आंबट-तुरट सांगाडा राहिला, की संपलं. त्यानंतर कितीही वर्षं ठेव, परत येत नाही.

मी तिथेच अडले होते. मी म्हटलं, मग नवापूरची कच्ची कशी? तिच्यात फळ कुठे भांडत होतं? काकवी होती. तू म्हणालास, तुला तेव्हा कळत नव्हतं. त्यानंतर आपण मावसबहिणीच्या लग्नाला नाशिकला गेलो, तिथे तू मला एका मळ्यावर नेऊन तरुण लाल वाइन चाखवलीस. जांभळी, टवटवीत, हिरड्यांना करवतीसारखी. मी ग्लास ठेवला आणि म्हटलं, हे कच्चं. मग ते काय होतं, भाऊ? तू म्हणालास, द्राक्ष वेगळं. आणि लगेच मला विचारलंस, जेवायला मिसळ खाऊ की थाळी. मला तेव्हाच धरायला पाहिजे होतं तुला. मी मिसळ म्हटलं.

आता दुसरी गोष्ट. ती मला लिहायची नव्हती, पण तिच्याशिवाय कालची दुपार सांगता येत नाही.

तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा मी म्हटलं, उद्या रक्त तपासू. बाबा म्हणाले, कावीळ उतरवून आणू. त्यांच्या गावाकडे, साक्रीच्या पुढे, एक माणूस आहे, त्याने बाबांची कावीळ लहानपणी उतरवली होती. तू बाबांबरोबर गेलास. मीही आले, भांडायला. त्याने तुझ्या हातांना कसला तरी काढा चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळं झालं. बाबांनी ते पाणी असं पाहिलं की त्यात तुझं मरण निघून चाललंय. मी तिथेच म्हटलं, आंब्याच्या सालीचा काढा आहे हा, चुन्यात कोणाच्याही हातून पिवळा होतो, माझे हात धुवा, माझीही कावीळ उतरेल. मी हात पुढे केले होते. तू माझं मनगट धरून मला बाहेर नेलंस.

तिथे कडुनिंबाखाली आपण शेवटचं खरं भांडलो. तू म्हणालास, मला माहीत आहे तो रंग आहे, मी काय खुळा आहे का? मी म्हटलं, मग चल ना हॉस्पिटलला. तू म्हणालास, त्यांची एवढी एक खेप होऊ दे, त्यांना वाटू दे की त्यांनी काहीतरी केलं. मी म्हटलं, तू मरशील पण बाबांना चुकलात म्हणणार नाहीस. हे मी रागाच्या भरात म्हटलं होतं. तू हसलास आणि म्हणालास, "तू म्हण की मग. तुला बोलायला आवडतं."

एका खेपेच्या आणखी खेपा झाल्या. मग हॉस्पिटल. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, आधी आणला असता तर? त्यांनी सांगितलं, सांगता येत नाही. हे उत्तर मला गिळता येत नाही, थुंकताही येत नाही. आधी आणला असता तर वाचला असता, असं म्हणाले असते तर मी बाबांवर ओरडले असते. काही फरक पडला नसता म्हणाले असते तर मी गप्प झाले असते. आता मी मधेच उभी आहे.

त्या शेवटच्या दिवसांत एका सकाळी बाबा तुझ्या पायाशी बसले होते, आणि तू मला जवळ बोलावून म्हणालास, "बाबांना सांगू नको." आवाज अगदी बारीक होता. त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, "काय सांगू नको?"

"काहीच."

मला वाटलं तू काविळीचं म्हणतोयस. तुझं दुखणं, डॉक्टरांचं बोलणं, ते खेपांचं. मी मान हलवली, वचन म्हणून नाही, तुला बोलायला त्रास होत होता म्हणून.

गंधमुक्ती झाली. पाहुणे गेले. बाबा माळ्यावर चढले, या वयात, आणि कोठीतून बाटली काढून खाली आले. ती पुसली. म्हणाले, आता ही घरात नको. लग्न तर राहिलं. पण त्याने सांगितलं होतं वेळ लागेल, एवढा वेळ झाला, आता पिकली असेल. तू चव घे, तुला शिकवलंय त्याने. मलाही तेच पाहिजे होतं. मी रजा टाकली.

त्याच गाडीने गेलो. बाबा तसेच बसले, मांडीवर बाटली, उभी, गोधडीत. हद्द आली आणि गेली, या वेळी त्यांनी श्वास सोडला नाही. फुईने दारात काही विचारलं नाही. तिने तेच स्टीलचं पातेलं घासून ठेवलं होतं.

बूच काढायचा तुझा स्क्रू घेतला. तू शिकवलंस तसं सरळ घातला. बूच कोरडं ठाक होतं, लाडू फुटतो तसं फुटलं, अर्धं आत गेलं. मी मलमलच्या तुकड्यातून गाळलं. सुरतच्या माणसाकडे दुसरं काही नसेल पण पिशवीत कापडाचा तुकडा असतो. गाळताना कागदाखालचा तो चिकट ओघळ माझ्या अंगठ्याला लागला. आणि माझा हात थांबला, भाऊ. कारण हा ओघळ मी आधी पाहिला होता. तुझ्या अंगठ्याखाली.

बाबांनी न मागता उपरणं काढून अंथरलं. मी ग्लास तिरका धरला. मधे उकळून ठेवलेल्या चहाचा रंग, आणि काठ पिवळा. विटकरी नाही, पिवळा. तो पिवळा मी आणखी कुठे पाहिला होता ते तुला माहीत आहे.

वास घेतला. करपलेली काकवी. तीच. त्याच्या मागे ओला पुठ्ठा, आणि त्याच्याही मागे आमच्या लॅबमधल्या ॲसिडचा झणका. मी गुलाब शोधला. खूप शोधला. तू म्हणायचास की जुन्या वाइनला ग्लासात थोडा वेळ द्यावा, ती आळस देऊन उठते. मी वेळ दिला. फुईने चहा केला, तो पिऊनही झाला. गुलाब नव्हता. डांबरही नव्हतं. घोट घेतला. फळ नव्हतं, तुरटपणा होता तोही भुश्यासारखा, आणि चव तोंडात बसलीच नाही, दारातूनच परत गेली.

मग मला सगळं कळलं. हिच्याबद्दल नाही, पहिलीबद्दल. पहिली कच्ची नव्हती. तीही हीच होती. वर आलेलं बूच, तो ओघळ, ती काकवी. तुला अंगठा लागला तेव्हाच कळलं होतं. दोन्ही बाटल्या आपल्या पत्र्याखाली, आपल्या ज्वारीत, मायच्या गोधडीत उकडून मेल्या होत्या. आणि समोर ज्याने त्या मारल्या तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. म्हणून तू थुंकला नाहीस. म्हणून कच्ची म्हणालास. मग मला शिकवत बसलास, डाळिंबाची साल चावायला लावत, एका मेलेल्या बाटलीसाठी. का रे? मी कधीतरी उघडेन आणि मला कळावं म्हणून? की आपल्याला घरात वाट बघायला काहीतरी असावं म्हणून? मला याचं उत्तर पाहिजे आणि ते मिळणार नाही.

मला तुझा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी दुःख नव्हतं, राग होता. तू शेवटपर्यंत प्रत्येक गोष्ट बाबांच्या तोंडाकडे पाहून केलीस. वाइनही. आजारही.

"पिकनी का?" बाबांनी विचारलं.

मी तू नाही. मला ते जमत नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "नाही बाबा. गेली."

फुईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी उपरण्याचं टोक बोटांनी सरळ केलं, ते सरळच होतं. मग कधी ते विचारलं, "कव्हय गयी?"

सगळ्या खुणा माझ्यासमोर होत्या. बूच सांगत होतं, ओघळ सांगत होता, काठ सांगत होता. कोणत्या छपराखाली गेली, कोणाच्या हाताखाली गेली, सगळं मला वाचता येत होतं. तुझ्यामुळेच येत होतं. आणि बाबा बाटलीकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. ते नुसतं बाटलीचं विचारत नव्हते, एवढं मला कळतं, त्याला बी.एस्सी. लागत नाही.

"ते कळत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी ग्लास उचलला, पातेल्यात ओतायला. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. लूमवाल्या माणसाची पकड, अजून तशीच आहे.

"पहिलीना वख्तले. पोऱ्याले समजनं व्हतं का?"

भाऊ, मी नवापूरला एका कामासाठी गेले होते. तुला कळत होतं, हे सिद्ध करायला. तुझी जीभ, तुझं नाक, तुझी ती सगळी वर्षं खोटी नव्हती, एवढं एका तरी माणसासमोर ठेवायला. आणि तो एक माणूस माझा हात धरून तेच विचारत होता. माझ्याकडे नमुना होता, पुरावा होता, आणि एका शब्दात द्यायचं उत्तर होतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यालाही समजलं नव्हतं."

बाबांनी कानामागे हात धरला. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मला ते परत, मोठ्याने सांगावं लागलं.